साईशच्या नावाचा ट्रक

मी ट्रक बोलतोय. पण 'रिमोटची गाडी' म्हणून हाक मारणार असाल, तर मी तोंड उघडणार नाही. जत्रेत दोरीला टांगलेल्या असतात त्या प्लास्टिकच्या गाड्या वेगळ्या. त्या एकदा बंद पडल्या की कचऱ्यात जातात. माझा प्रत्येक स्क्रू उघडतो. मोटर जळली तर मोटर बदलता येते, चाकाचा दांडा मोडला तर नवा दांडा मिळतो. हातभर लांबी, निळं कवच, चार जाड चाकं आणि प्रत्येक चाकापाशी तेल भरलेला शॉकअप. मोकळ्या मैदानात सोडलंत तर मी धावत्या कुत्र्यालाही मागे टाकीन.

एवढी फुशारकी आधीच मारून घेतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात मिरवण्यासारखं काही नाही. मला लाजत विकत घेतलं, लाजत लपवलं, आणि त्या लाजेचा डाग माझ्याही अंगाला लागला.

माझे पहिले दिवस वास्कोत गेले, स्टेशनाजवळच्या गल्लीतल्या गौरेशच्या दुकानात. गौरेश पूर्वी जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. आता तो आमच्यासारख्या गाड्या, विमानं आणि बोटी विकतो. दुकानात नवं माणूस आलं की आधी रंग बघतं आणि मग 'किती पळते?' असं विचारतं. गौरेश अशा माणसाच्या हातात लगेच काही देत नसे. तो आधी दोन प्रश्न विचारायचा, "कोण चलयतलो? आनी खंय चलयतलो?" चालवणार कोण आणि कुठं. घरासमोर डांबर असेल तर एक गाडी, माती असेल तर दुसरी. पहिली गाडी सगळ्यांत वेगवान नको, सगळ्यांत सोशिक हवी, कारण ती आपटणारच. आणि मोडली तर तिचे भाग इथंच मिळायला हवेत, नाहीतर ती कायमची कपाटावर जाऊन बसते. या दोन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली तर आपल्या हातून चूक होणार नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

एके दिवशी कृष्णनाथ आत आला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, शर्टाच्या शिवणीत धुऊनही न गेलेली लाल माती. मूळचा सिंधुदुर्गातला, पण तरुणपणापासून डिचोलीतल्या सुर्ल्याला खनिजाचा टिपर चालवत आलेला. मधली काही वर्षं खाणी बंद होत्या तेव्हा त्यानं मिळेल ती गाडी हाकली. आता पुन्हा टिपरवर होता. मालकानं त्याला टिपरचा कसलासा भाग आणायला वास्कोला पाठवलं होतं. काचेतून आम्हाला बघून तो आत शिरला.

तो माझ्यासमोर थांबला नाही, हे मला कबूल करायलाच हवं. माझ्या शेजारी एक खडकावर चढणारा ट्रक होता. तो पळत नाही, माणसाच्या चालीनं जातो. पण उभा चढ चढतो, आणि एक चाक हवेत गेलं तरी उरलेली तीन चाकं जमीन सोडत नाहीत. भरलेला टिपर पहिल्या गिअरमध्ये खाणीतून वर काढणाऱ्या माणसाला दुसरं काय आवडणार? कृष्णनाथ गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि त्या ट्रकच्या पोटाखाली बघत राहिला. आपण दुकानात आहोत हेही तो विसरला होता.

"कोण चलयतलो?" मागून गौरेशनं विचारलं.

कृष्णनाथ दचकून सरळ झाला. गल्ल्यापाशी दोन कॉलेजातली मुलं विमानाचा पंख न्याहाळत होती. तीही वळून बघू लागली. कृष्णनाथनं हात खिशात घातले.

"झिलाक," तो म्हणाला. "माझ्या झिलाक होयी."

"पिराय कितली ताची?" गौरेशनं मुलाचं वय विचारलं.

"बारा."

"नांव कितें?"

तो खाली बघत म्हणाला, "साईश."

गौरेशनं मान डोलावली. "मागीर तो नाका. तो सवकास चलता. बारा वर्सांच्या भुरग्याक धांवपी जाय, उडपी जाय." असं म्हणून त्यानं तो सावकाश चालणारा ट्रक बाजूला सारला आणि मुलाला पळणारी, उड्या मारणारी गाडी हवी म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कृष्णनाथनं खरं दिलं: खाणीकडे, मातीत. मग तर माझी निवड पक्कीच झाली.

माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू! एका मुलासाठी मला खास निवडलं होतं. साईशचे हात कसे असतील, मला पहिल्यांदा कुठं आपटेल, आपटल्यावर रडेल की हसेल, याचाच विचार मी करत बसलो.

गौरेशनं फोननंबर मागितला. कृष्णनाथच्या घरी गॅस असो, बँक असो, सगळीकडे बायकोचाच नंबर दिलेला असतो. सवयीनं त्यानं विनोदिनीचाच नंबर सांगून टाकला. मग गौरेशनं मशीनवर पांढऱ्या चिकट कागदाची अक्षरं कापायला घेतली.

"ह्या काय करतास?"

"पयली गाडी न्हय? भुरग्याचें नांव घालून दितां. आमची पद्दतच ती."

सुर्ल्याच्या रस्त्यावर तुम्ही कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. तिथं प्रत्येक टिपरच्या कपाळावर मालकाच्या मुलाचं नाहीतर मुलीचं नाव रंगवलेलं असतं. कृष्णनाथनं सारा जन्म दुसऱ्यांच्या मुलांच्या नावांखाली बसून गाड्या हाकल्या. सध्याच्या टिपरवर 'गौरवी' होतं, मालकाच्या मुलीचं नाव. गौरेशनं माझ्या कपाळावर 'साईश' चिकटवून अंगठ्यानं दाबलं, तेव्हा कृष्णनाथ बाहेर रस्त्याकडे बघत होता.

पण मी साईशच्या घरी पोचलोच नाही. मला टिपरमध्ये सीटच्या मागे पोत्यात गुंडाळून ठेवलं. आधी वाटलं, मुलाची परीक्षा असेल. मग वाटलं, वाढदिवसाची वाट बघत असतील. पोत्यात बसून माणूस जितक्या सबबी शोधेल तितक्या मी शोधल्या. शेवटी कळायचं ते कळलं. साईश नावाचा मुलगा नव्हताच.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कृष्णनाथ मला जुन्या डंपच्या, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, आडोशाला घेऊन जायचा. तिथं तो दगड मांडून चढ तयार करायचा आणि वेग अगदी कमी करून मला त्यावर चढवायचा. अहो, मी चढाचा नव्हे! मला मोकळं मैदान हवं. तसं रखडत चढताना माझी मोटर तापायची, जळका वास यायचा. मग तो मोटरवर बोट ठेवून म्हणायचा, "दमलंस मां?" त्याचा आवाज इतका मऊ असायचा की मला रागावताही यायचं नाही. पण लांबून मोटारसायकलचा आवाज आला रे आला की माझ्यावर पोतं पडायचं, आणि हा बाबा लघवीला उभा असल्याचं सोंग करायचा. त्याच्या वयाच्या माणसांच्या घरी सुना यायला लागल्या होत्या. आणि हा खेळणं घेऊन बसतो, असं कुणी म्हटलं तर? या एका भीतीनं त्याला धड खेळताही येत नव्हतं.

गौरेशची आणखी एक सवय होती. नव्या गिऱ्हाइकाला तो काही दिवसांनी आपणहून फोन करायचा. तो फोन एका सुट्टीच्या सकाळी आला. टिपर दारात उभा होता आणि कृष्णनाथ बादली घेऊन काच धूत होता. विनोदिनी पायरीवर आदोळी, म्हणजे विळी, घेऊन तिसऱ्यांच्या शिंपल्या फोडत बसली होती. हात ओले म्हणून तिनं कोपरानंच फोनचा स्पीकर चालू केला. टिपरची खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"साईशाची आवय न्ही? हांव वास्कोसून गौरेश. गाडी आवडली मगो साईशाक?"

साईशची आई म्हणून हाक ऐकताच आदोळीवरचा हात थांबला. गौरेश आपल्याच नादात बोलत होता: येत्या आयताराला, म्हणजे रविवारी, डिचोलीच्या मैदानावर सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमतात, साईशाला जरूर घेऊन या, त्याला मित्र मिळतील.

कृष्णनाथ बादली हातात धरून नुसता उभा होता. आता ती काय बोलेल म्हणून मीही धसका घेतला.

"येतंव," विनोदिनी म्हणाली आणि फोन बंद केला. मग नवऱ्याकडे न बघता विचारलं, "खय आसा ती गाडी?"

त्यानं मला पोत्यातून काढून पायरीवर ठेवलं. तिनं हात नीट पुसले आणि माझ्या कपाळावरचं नाव वाचलं. चार वेळा वाचावं इतकं लांब नाव नाही ते, पण तिची नजर तिथून हलेना.

"ह्या नाव मी तुमका एकट्याक सांगितला होता," ती म्हणाली. "आवयक पन सांगूक नाय."

पुढचं मला त्या दोघांच्या तुटक बोलण्यातून समजलं. लग्नानंतर विनोदिनीला एकदाच दिवस गेले होते. बारशाआधी नाव घेऊ नये म्हणून तिनं मनात ठरवलेलं नाव फक्त नवऱ्याच्या कानात सांगितलं. स्वतःचा टिपर घेईन तेव्हा हेच कपाळावर रंगवीन, असं तो तेव्हा म्हणाला होता. मूल जन्मलं, पण रडलंच नाही. बारसं झालं नाही, टिपरही झाला नाही. त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. पुन्हा उच्चारलं गेलं ते थेट वास्कोच्या दुकानात, माझ्या पायी.

"तेणी झिलाचा नाव इचारला," कृष्णनाथ म्हणाला. "माझ्या तोंडात दुसरा नावच येयना."

"पन झिलाक होयी म्हणून कित्याक सांगितलात?"

"लाज वाटली गो. ह्या वयार खेळणी घेतंय म्हणून लोक हसतीत."

"खेळणी घेवची लाज वाटली," विनोदिनी म्हणाली, "आनी तेचा नाव घेताना नाय वाटली?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा आदोळीवर बसली आणि राहिलेल्या तिसऱ्या फोडू लागली. कृष्णनाथ माझ्याकडे बघेना आणि तिच्याकडेही बघेना. त्या क्षणी मला माझं हे चकचकीत निळं कवच अंगावर नकोसं झालं. दुकानात मी कशाच्या जोरावर ऐटीत होतो? जो मुलगा नाही त्याच्यासाठी निवडला गेलो म्हणून!

दुपारी ताटात तिसऱ्यांचं सुकं होतं. ते त्याच्या फार आवडीचं, पण तो भात नुसता चिवडत राहिला. शेवटी तो म्हणाला, "फोन करून सांगतंय, जमणा नाय म्हणून."

"नाय. जावया," ती म्हणाली. "खोटा तुमी सांगितलात, आता खरा पन तुमीच सांगा. मी बाजूक ऱ्हवतंय."

आयतारी दोघं स्कूटरवरून डिचोलीला निघाली. विनोदिनी मागे बसली होती आणि मी तिच्या मांडीवर. पोत्याबाहेर, भर रस्त्यानं मी पहिल्यांदाच चाललो होतो. तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, पण नावावर हात येऊ दिला नव्हता.

मैदानावर धुरळा उडत होता. गाड्या पळत होत्या, उलटत होत्या, हशा पिकत होता. एक गोष्ट मात्र माझ्या लगेच लक्षात आली. सगळे रिमोट बापांच्या हातात होते, आणि ज्यांच्यासाठी गाड्या घेतल्या ती मुलं आंब्याच्या सावलीत मोबाईल बघत कंटाळली होती.

गौरेश हसत पुढे आला. "आयलात? साईश खंय?"

कृष्णनाथनं एकदा विनोदिनीकडे बघितलं. "साईश... साईश नाय."

"येवंक ना?"

"नाय आमका तो. गेलो."

गौरेशचा चेहरा एकदम उतरला. जवळचे दोघेतिघे थांबले. एकानं डोक्यावरची टोपी काढली. गाडी घेतल्यानंतरच काहीतरी घडलं असणार, असंच सगळ्यांना वाटलं. एक अनोळखी गृहस्थ पुढे झाला आणि त्यानं कृष्णनाथच्या खांद्यावर हात ठेवला. आणि कृष्णनाथ गप्प राहिला! तो हात त्यानं खांद्यावर तसाच राहू दिला. बोलला त्यातला शब्दही खोटा नव्हता, तरी पुन्हा खोटंच पसरत होतं. मला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं.

"अर्धा सांगू नकात," विनोदिनी हळूच म्हणाली.

मग तो बोलला. मान खाली घालून, पण सगळं बोलला. "माझो झील जन्माक इलो तेवाच गेलो. लय वर्सां झाली तेका. ही गाडी मी माझ्यासाठी घेतली. माका खेळूक होयी होती. तुमी इचारलात तेवा लाज वाटली, म्हणून मेल्या झिलाक फुडे केलंय."

खांद्यावरचा हात खाली आला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग बापांपैकी एकेकजण आपल्या हातातल्या रिमोटकडे बघू लागला. त्यांनीही गाड्या मुलांच्याच नावावर घेतल्या होत्या की! पण त्यांच्यापैकी प्रत्येकाचं एक मूल आंब्याखाली बसलेलं होतं. तेही कृष्णनाथला दिसत होतं, आणि त्याची मान वर होईना.

गौरेशला सुचलं ते दुकानदाराचंच. "मागीर तुमकां हांवें चुकीची गाडी दिली," तो म्हणाला. त्यानं आपल्या व्हॅनमधून तो खडकावर चढणारा ट्रक आणला आणि कृष्णनाथच्या हातात दिला. "ही व्हरात. ती हांव परत घेतां."

मैदानाच्या कडेला चिऱ्यांचा ढीग होता. त्या ट्रकनं एकेक चाक टेकत टेकत तो पार केला. कृष्णनाथच्या तोंडावर हसू आलं. खरं सांगतो, इतके दिवस मी त्याच्याबरोबर होतो, पण ते हसू मी पहिल्यांदाच बघितलं. दुखलं मला. पण त्याच्या मनात मुळात तोच ट्रक होता, मग मी कुठल्या तोंडानं तक्रार करणार?

इकडे गौरेश मला मांडीवर घेऊन बसला. मी आता दुसऱ्या कुणाला विकला जाणार, म्हणून त्यानं खिशातून पातं काढलं आणि माझ्या कपाळावरचं नाव सोलायला घेतलं. 'सा'चा कोपरा सुटलासुद्धा.

विनोदिनीनं त्याचा हात धरला. "काढू नकात," ती म्हणाली. "एकदा गेलो तो पुरे."

ढिगावर पुन्हा चढता चढता तो ट्रक मध्येच थांबला. कृष्णनाथनं तो उचलून घेतला, त्याच्या चाकांची माती बोटांनी झाडली आणि तो गौरेशला परत दिला. "असू दे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "माका ह्योच होयो."

मी शहाणा आहे. मला ठेवलं ते माझ्या गुणांसाठी नव्हे, हे मला कळतं. पण आता मी पोत्यात नसतो. बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी माझी जागा आहे. कवचाला एक तडा गेलाय आणि पुढचा दांडा एकदा बदलून झालाय. गंमत म्हणजे माझी हौस विनोदिनी पुरवते. संध्याकाळी ती अंगणात मला असं सुसाट सोडते की शेजारच्या कोंबड्या पंख फडफडत कुंपणापार होतात. कृष्णनाथ अजून मला चढावरच घालतो, मोटर तापवतो आणि तिची बोलणी खातो. त्याची लाज पुरती गेली असं मी म्हणणार नाही. रस्त्यावरून कुणी जात असेल तर तो आजही पाठ करून उभा राहतो.

तुम्हीही कधी एखाद्या गाडीसमोर असे वाकून उभे राहाल, आणि कुणी विचारील की चालवणार कोण. माझी एवढीच विनंती आहे, तेव्हा कुणाला तरी पुढे करू नका. तुम्हाला चुकीची गाडी मिळेल हे तर झालंच, पण तुमच्या घरात ते कुणाला कुठं लागेल, हे तुम्हाला आधी कळणार नाही.

आता निरोप घेतो. फक्त कालचं एक सांगायचं राहिलं.

काल संध्याकाळी कृष्णनाथ मला दारात चालवत होता. रस्त्यावर टिपर थांबला आणि खिडकीतून सगुणनं डोकं बाहेर काढलं. सगुण त्याच्याबरोबरच खाणीवर असतो. हातात रिमोट घेतलेल्या कृष्णनाथला बघून तो हसला.

"कोणाची रे गाडी, कृष्णा? भाचो इलो काय?"

सोपं होतं. नुसतं 'होय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. विनोदिनी दारात उभी होती. कृष्णनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगुण माझ्या कपाळावरची अक्षरं वाचत होता.

"भाचो नाय," कृष्णनाथ म्हणाला. "गाडी माझी. नाव झिलाचा."